पुरुषांच्या हातातला खडा : निवड, वापर आणि थोडी पारख

व्याख्यानाच्या नावातच ‘पुरुषांच्या’ असा शब्द आहे, त्यामुळे काही जणांनी आधीच विचारलं की दगडांतही स्त्री-पुरुष असतात का? जुन्या रत्नशास्त्राच्या पोथ्यांत खरोखरच तशी वर्णनं सापडतात, दगडांना जाती आणि लिंगं दिलेली असतात. पण आम्ही त्या अर्थानं बोलणार नाही. आमच्यापैकी एक जण भूशास्त्र शिकवतो आणि दुसरा खडे कोंदणात बसवण्याचं काम करतो. गेली काही वर्षं आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांत पुरुषांची संख्या वाढते आहे आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. कुणाला धंद्यासाठी नीलम घालायचा असतो, कुणी काळ्या मण्यांचं ब्रेसलेट मागवलेलं असतं, कुणाला आजोबांची अंगठी मोठी करून हवी असते. आणि बरेच जण असे की काय झालंय ते घरी सांगत नाहीत, रात्री मोबाइलवर बघून दगड मागवतात. या शेवटच्या मंडळींबद्दल पुढे थोडं सविस्तर बोलू.

आधी एक गैरसमज. पुरुषांनी खडे घालणं हे काही नवं फॅड नाही. उलट आपल्याकडे दरबारी रत्नं मिरवायचे ते पुरुषच. पागोट्यावर शिरपेच आणि तुरा, गळ्यात मोत्यांचा कंठा, कानात भिकबाळी, बोटांत अंगठ्या. पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं पाहा, अंगावर मोती किती आहेत ते मोजा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि तो ग्रंथ राजाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. म्हणजे ‘बायकी वाटेल का?’ हा जो संकोच आहे तो अलीकडचा. दुकानदारानं तो बरोबर हेरलाय. काळा, करडा, तपकिरी दगड असला की पाटी लागते ‘फॉर मेन’. टायगर आय, काळा टूर्मलिन, हेमाटाइट, ओनिक्स. रंगाची आवड म्हणून घ्या, काही बिघडत नाही. पण त्या पाटीचे पैसे देऊ नका.

पुरुष म्हणून निवड करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो राशीचा नाही, हाताचा. तुम्ही दिवसभर हातानं काय करता? गिअर बदलता, पाना धरता, बॅट धरता, व्यायामशाळेत लोखंडी दांडा उचलता, की नुसता कीबोर्ड? कारण अंगठीतला खडा जेवढा मार खातो तेवढा गळ्यातला खात नाही.

इथे कठीणपणाचं मोजमाप समजून घेऊ. फ्रीडरिश मोस या खनिजशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 1 ते 10 अशी एक उतरंड लावली. वरचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच तिचा अर्थ. हिरा 10, नीलम आणि माणिक 9, पाचू साडेसात ते 8, स्फटिक 7, चंद्रकांतमणी 6 च्या आसपास, फिरोजा 5 ते 6, पोवळं साडेतीन, मोती अडीचच्या आसपास. आता यातला 7 हा आकडा लक्षात ठेवा. कारण आपल्या रस्त्यावरच्या धुळीत स्फटिकाचेच बारीक कण असतात. रुमालानं अंगठी पुसली की ती धूळ खड्यावर घासली जाते. 7 च्या खालचा दगड रोजच्या पुसण्यानंच हळूहळू मंद होत जातो. दोन-तीन वर्षांनी माणूस म्हणतो, ‘खड्याचं पाणी उतरलं, त्यानं माझ्यावरचं संकट घेतलं.’ संकट वगैरे काही घेतलेलं नसतं, धुळीनं पॉलिश खाल्लेली असते.

पण कठीण म्हणजे न फुटणारा असं मात्र नाही. पाचू कठीण असतो, तरी आतल्या जाळीमुळे टेबलाच्या कडेवर आपटला तर त्याचा कोपरा उडतो. पुखराज म्हणून जो टोपाझ मिळतो तो 8 कठीण, पण त्याला एक ठरलेली पातळी असते. त्या पातळीत घाव बसला की सुपारी फोडल्यासारखे दोन तुकडे. म्हणून हातानं काम करणाऱ्याला आम्ही सांगतो : नीलम, माणिक किंवा स्फटिक कुळातला दगड घ्या, चार काट्यांवर उंच उभा करू नका, चारी बाजूंनी सोन्याची किंवा चांदीची कड वळवलेलं बंद कोंदण करा. खडा अंगठीच्या पातळीपेक्षा फार वर नको. ज्यांना खालून त्वचेला टेकलेला हवा असतो त्यांचं कोंदण तळाशी उघडं ठेवता येतं. फक्त तिथे साबण आणि मळ साठतो, तो मऊ ब्रशनं काढावा लागतो.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. यंत्रावर काम करताना, गेटवरून उडी मारताना, टेम्पोच्या फाळक्याला धरून खाली उतरताना अंगठी अडकली आणि शरीराचं वजन त्यावर आलं, तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. कधी बोटच जातं. शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत या दुखापतीला वेगळं नाव आहे. लेथवर, ड्रिलवर, शेतातल्या यंत्रावर अंगठी उतरवूनच उभं राहायचं. ‘गुरुजींनी काढू नका म्हणून सांगितलंय’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना आम्ही सांगतो, मग दोऱ्यात ओवून गळ्यात घाला, तेही सदऱ्याच्या आत.

आता खरेदी. सगळ्यात जास्त फसवणूक वजनात आणि नावात होते, असा आमचा अनुभव आहे.

वजन घ्या. कॅरट म्हणजे नक्की 200 मिलिग्रॅम, जगात कुठेही. रत्ती तशी नाही. मुळात रत्ती म्हणजे गुंजेचं बी. सोनारी हिशोबात ती साधारण 121 मिलिग्रॅम धरतात. खड्यांच्या बाजारात ‘पक्की रत्ती’ चालते, ती साधारण 182 मिलिग्रॅम. तुम्हाला कुणी सांगितलं ‘पाच रत्तीचा पुष्कराज घाला’, तर पक्क्या हिशोबानं तो साडेचार कॅरट होतो आणि कच्च्या हिशोबानं तीन कॅरट. दीड कॅरटचा फरक! पुष्कराजाच्या भावात तो फरक काय होतो ते दुकानात उभे असताना मोजा. तेव्हा रत्तीत ऐका, पण बिल कॅरटमध्ये घ्या.

नावाचा घोळ तर त्याहून मोठा. बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कठीणपणा 9. शब्दकोशात टोपाझलाही पुष्कराज म्हटलेलं सापडतं. आणि त्याच रंगाचा सुनेला म्हणजे पिवळा स्फटिक, किमतीला कितीतरी पटीनं कमी. तिन्ही पिवळे, तिन्ही पारदर्शक. गंमत अशी की बाजारातला बराचसा सुनेला हा मुळात जांभळा ॲमेथिस्ट असतो, भट्टीत तापवून पिवळा केलेला. त्यात वाईट काही नाही, दगड स्फटिकच राहतो. फक्त त्याला पुष्कराजाचा भाव देऊ नये.

‘फॉर मेन’ ब्रेसलेटांचं काय? काळा ओनिक्स बहुतेक वेळा रंगवलेला अकीक असतो. अकीक साखरेच्या पाण्यात आणि मग आम्लात भिजवून काळा करण्याची रीत फार जुनी आहे. निळा फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट खपतो. चकचकीत सोनेरी ठिपक्यांचा ‘गोल्डस्टोन’ ही तांब्याचे कण घातलेली काच आहे. आणि ‘मॅग्नेटिक हेमाटाइट’चे मणी एकमेकांना फटकन चिकटत असतील तर तो खाणीतला हेमाटाइट नव्हे, कारखान्यात बनवलेलं चुंबकी द्रव्य. नैसर्गिक हेमाटाइट चुंबकाला इतका प्रतिसाद देत नाही. हे सगळं दोन-चारशे रुपयांत मिळत असेल आणि आवडत असेल तर जरूर घाला. ‘ऊर्जा भारित’ म्हणून चार हजारांना मिळत असेल तर दुकानाबाहेर पडा.

मोठ्या खड्यांत प्रक्रिया विचारायची. नीलम-माणिक तापवून रंग सुधारणं हे सर्वमान्य आहे, फक्त ते लिहून दिलं पाहिजे. पाचूत तेल किंवा राळ भरलेली असते, तेही चालतं. पण भेगांत शिशाची काच भरलेला माणिक ही वेगळी भानगड आहे. दिसायला लालबुंद, किंमत हलकी. पण सोनारानं अंगठी झाळताना ज्योत जवळ नेली की काच बिघडते, लिंबाच्या रसानंसुद्धा तिच्यावर डाग पडतात. अशा माणकावर आपण नैसर्गिक म्हणून हजारो रुपये घालवले हे अंगठी दुरुस्तीला गेल्यावर कळतं.

आणि जुनी अंगठी म्हणजे खरी, हेही धरून चालू नका. ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत कृत्रिम माणिक वाढवण्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. त्यानंतर असे खडे जगभर पसरले. त्यामुळे आजोबांच्या अंगठीतला माणिक शंभर वर्षांचा असूनही कृत्रिम असू शकतो. दहापट भिंगाखाली वाढीच्या रेषा सरळ असतील तर निसर्ग, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळलेल्या असतील तर भट्टी. भिंग चांगलं घ्या आणि सवय करा, पण महाग खड्याला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवंच, आणि तेही विकणाऱ्यापासून स्वतंत्र असलेल्या प्रयोगशाळेचं. इथे एक नेहमीची गल्लत : अंगठीवरचं हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक सोन्याबद्दल बोलतो. खड्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. आणि सोन्याचं वजन करताना खड्याचं वजन वजा केलंय ना, घडणावळ वेगळी लिहिलीय ना, हे बिलावर पाहा.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी सांगतो, स्फटिकाच्या माळेसाठी, कारण त्या माळा पुरुष फार घेतात आणि त्यात काच फार असते. लॅपटॉपचा पडदा पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल घ्या आणि पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात पडदा काळा दिसेल. आता मधे मणी धरा आणि तो फिरवत राहा. स्फटिक असेल तर तो फिरवताना उजळतो आणि मावळतो, काच बहुतेक वेळा अंधारीच राहते. मुलांना दाखवा, सुटीतला एक तास छान जातो.

आता आपल्या मातीतल्या स्फटिकांबद्दल, कारण हे बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे होते, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम, खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिलबाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइट आणि त्यांची भावंडं उगवली. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले तेव्हा ती उघड्यावर आली. आजही पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर भागांत विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत ती निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाभोर कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय एकदा तरी बघून या. परदेशातल्या दुकानांत ‘ध्यानासाठी भारतीय अपोफिलाइट’ म्हणून जो विकला जातो, तो बहुतेक आपल्या खडीच्या खाणीतून गेलेला असतो. पण हे दगड कठीणपणात 4-5 च्या घरात आहेत आणि चटकन दुभंगतात. अंगठीत घालू नका. टेबलावर ठेवा, थेट उन्हापासून दूर, आणि साफ करायचा तर कोरड्या मऊ ब्रशनं.

खड्याला पैलू पाडणाऱ्या हातांबद्दलही थोडं. गुजरातेतलं खंभात अकीकाच्या मण्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. रतनपूरच्या खाणीतून येणारा दगड भाजून लाल करतात, तोडतात, घासतात. घासताना जी धूळ उडते ती सिलिकाची. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेनं या कारागिरांची पाहणी केलेली आहे. मनगटावरच्या मण्यांनी आरोग्य मिळतं की नाही यावर वाद घालताना, ते घडवताना कुणाचं आरोग्य गेलं याचाही विचार व्हावा. घासाईला पाणी वापरतात का, धूळ ओढून घेणारी यंत्रं आहेत का, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर देणारे थोडे भेटतात, पण प्रश्न खाली पोचतो.

मग दगड काम करतो की नाही? विचारणाराचा चेहरा बघूनच आम्हाला कळतं की त्याला हेच विचारायचं होतं.

स्फटिक कंपन पावतो हे खरं आहे. क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं की स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो. त्याच गुणाच्या उलट वापरावर तुमचं मनगटी घड्याळ सेकंदाला 32,768 वेळा थरथरणाऱ्या स्फटिकाच्या तुकड्यावर चालतं. पण त्याला बॅटरी लागते. खिशातल्या दगडाला बॅटरी नाही. 2001 मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी 80 जणांच्या हातात दगड देऊन ध्यान करायला लावलं. काहींना खरा स्फटिक, काहींना खोटा. ऊब वाटली, मुंग्या आल्या, शांत वाटलं, असं दोन्ही गटांनी सारखंच सांगितलं. आणि काय वाटेल हे ज्यांना आधी सुचवलं होतं, त्यांना ते जास्त वाटलं.

आम्ही यातून ‘सगळं थोतांड’ असं म्हणत नाही. हातात थंड, गुळगुळीत वस्तू धरून पाच मिनिटं सावकाश श्वास घेतला तर बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते श्रेय तुमच्या पाच मिनिटांचं. त्यासाठी ओढ्यातली गारगोटीही चालते.

प्रश्न वेगळाच आहे. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, चाळिशीतले, नीलम घेऊन. छातीत धडधड व्हायची, झोप नव्हती, धंदा बसला होता. नीलम महाग होता. ‘हा मानवत नाही का बघा,’ म्हणाले. दगड उत्तम होता. आम्ही विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत? म्हणाले, घरी कळलं तर काळजी करतील. बायकोला अंगठी दिसत होती, पण ती कशासाठी आहे ते तिला माहीत नव्हतं. असे पुरुष आम्हाला बरेच भेटतात. दगड घालणं हे त्यांना ‘मला त्रास होतोय’ म्हणण्यापेक्षा सोपं वाटतं. त्यांना आम्ही खडा काढायला सांगत नाही. खडा असू द्या, पण त्याच आठवड्यात रक्तदाब आणि साखर तपासा, आणि घरात एका माणसाला तरी खरं सांगा. त्या गृहस्थांनाही तेच सांगितलं.

‘मर्दानगी’साठी, मधुमेहासाठी दगड विकणाऱ्यांबद्दल मात्र आम्ही इतके मवाळ नाही. 1954 चा औषधी आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ताईत, मंत्र, कवच अशा उपायांनी मधुमेह बरा होतो किंवा लैंगिक ताकद वाढते, असा दावा करणारी जाहिरात त्याखाली गुन्हा आहे. अशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा.

‘क्रिस्टल वॉटर’च्या बाटल्यांविषयीही विचारणा होते. पिण्याच्या पाण्यात दगड टाकू नका. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, गॅलिनात शिसं, हिंगुळात पारा. सेलेनाइट तर पाण्यात थोडा थोडा विरघळतोच.

आता श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांपैकी वेळेत बसतील तेवढ्या दोन.

पहिली : अंगठीचं माप कधी घ्यावं? संध्याकाळी, जेवणाआधी. सकाळी बोट बारीक असतं, उन्हाळ्यात जाड. पेरावरून थोडा जोर लावून उतरली पाहिजे. साबण लावूनही उतरत नसेल तर सोनाराकडे जाऊन कापून घ्या. बोट निळं पडायची वाट बघू नका.

दुसरी चिठ्ठी एका तरुणाची आहे : लग्नात भिकबाळी घेतली, आता रोज घालायची आहे, मोत्यांची काळजी कशी घेऊ? छान प्रश्न. बाजारातले मोती जवळपास सगळे संवर्धित असतात, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, पण मोतीच. मोत्याला आम्ल चालत नाही. घाम, अत्तर, आफ्टरशेव्ह यांनी त्याची झळाळी जाते. आधी अत्तर, मग भिकबाळी, आणि रात्री ओलसर सुती कापडानं पुसून, वाळवून, वेगळ्या मऊ पिशवीत. सोन्याच्या साखळीबरोबर एकाच डबीत टाकू नका, ओरखडे पडतात. आणि दुचाकी चालवत असाल तर भिकबाळी आधी काढून खिशात ठेवा. हेल्मेटचं अस्तर तिच्यावर रोज घासतं, तार वाकते, आणि एके दिवशी हेल्मेट काढताना मोती रस्त्यावर पडतो. हेल्मेट मात्र काढू नका.